चार घड्यांची चिठ्ठी

१० जुलै, गुरुवार. संध्याकाळी ६.
उमरग्याचं तीन दिवसांचं प्रशिक्षण आज संपलं. विषय : विद्यार्थी सहाय्य प्रणालीसाठी शालेय संघाची क्षमतावृद्धी. नाव लांब आहे, मुद्दा एका ओळीचा. शाळेतलं एकही मूल एकटं पडता कामा नये. वीस वर्षं शिकवणाऱ्या बाईला हे कुणी सांगावं लागतं का, असं पहिल्या दिवशी मनात आलं होतं. तिसऱ्या दिवशी आलं नाही. माझ्यात बदल होतोय.

आमचा संघ तिघांचा. हेडसर, म्हणजे चन्नबसप्पा सर, पहिल्या दिवशी सही करून बँकेत गेले ते गेलेच. रामहरी सर तीनही दिवस होते, पण शेवटच्या रांगेत. सर्वांत मोठा अडथळा कोणता, असं मार्गदर्शकांनी विचारलं तर म्हणाले, "जेवणानंतरचं सत्र." सगळे हसले. मीही हसले असं फोटोत दिसतंय. ते सौजन्य होतं.

थोडक्यात, संघ म्हणजे मीच.

११ जुलै, शुक्रवार.
संकल्प. शिक्षकाचं बोलणं कमी, मुलांचं जास्त. मी फळ्यावर लिहिताना प्रत्येक शब्द मोठ्यानं वाचते, ही वाईट सवय असल्याचं प्रशिक्षणात लक्षात आलं. मार्गदर्शक माझं नाव घेऊन बोलले नाहीत, पण बघत माझ्याकडेच होते. आजपासून फळ्यावर मौन.

पहिला तास मौनात पार पडला. वर्गात विलक्षण शांतता. मुलं विचार करत असावीत.

१४ जुलै, सोमवार. दुपारी २.
'विश्वासाची चिठ्ठी' हा उपक्रम घेतला. सहावी-सातवी मिळून एकतीस मुलं, सगळी हजर. प्रश्न एकच. तू अडचणीत असशील तर शाळेतल्या कोणत्या मोठ्या माणसाला सांगशील? चिठ्ठीवर स्वतःचं नाव घालायचं नाही. चिठ्ठ्या खडूच्या रिकाम्या खोक्यात.

मोठ्यांनीही चिठ्ठी भरावी, अशी सूचना आहे. हेडसर म्हणाले, माझी रिटायरमेंट जवळ आली, माझी अडचण पेन्शन ऑफिसलाच कळू दे. रामहरी सरांनी पेन नसल्याचं सांगितलं. मी भरली. खोका हेडसरांसमोर उघडायचा, आणि माझं अक्षर त्यांना ओळखू येतं. म्हणून डाव्या हातानं लिहिलं. गुप्तता म्हणजे गुप्तता. काय लिहिलं ते इथंही लिहिणार नाही.

दुपारी ३.
मन खात होतं. मुलांच्या आकडेवारीत माझी चिठ्ठी आली तर निष्कर्ष चुकेल. शिवाय हेडसर तर्क लढवत बसतील. मुलं साधारण एक घडी घालून टाकतात. मी चार घातल्या होत्या. खोक्यात हात घातला, चार घड्यांची चिठ्ठी लगेच लागली. उघडून बघितली नाही. तत्त्व आपलं आपल्यालाही लागू असतं. खिचडीच्या चुलीत टाकली.

खिचडी शिजवणाऱ्या शरिफाबींनी विचारलं, काय जाळलंत बाई? म्हटलं, कागद. म्हणाल्या, रद्दी देत चला की मला, चूल पेटवायला लई कामाला येती.

१५ जुलै, मंगळवार.
खोका उघडला. एकतीस मुलं, एकतीस चिठ्ठ्या. हिशेब चोख.

शरिफाबी : चौदा. रामहरी सर : बारा. हेडसर : चार. कोणी नाही : एक.

माझं नाव नाही.

पुन्हा मोजल्या. हेडसर म्हणाले, राजेश्वरी मॅडम, मोजून वाढत नसतात. रामहरी सर म्हणाले, माझ्यातल्या दोन घ्या.

दुपारी.
शांतपणे विचार केला. शरिफाबी खिचडी वाढतात, म्हणजे त्यांची चौदा मतं भुकेची आहेत, विश्वासाची नव्हेत. रामहरी सरांकडं क्रिकेटची बॅट आहे. हेडसरांना चार पडली ती भीतीमुळं. माझ्याबद्दल मुलांना आदर आहे, आणि आदर चिठ्ठीवर उतरत नाही. प्रश्नाची रचनाच सदोष होती.

पण ते 'कोणी नाही' डोळ्यांसमोरून हटत नाही. ते शब्द पुन्हा वाचले. जणू मीच लिहिले असावेत, इतके जवळचे वाटले. याला समानुभूती म्हणतात, दुसऱ्या दिवसाचं तिसरं सत्र.

हे मूल मी शोधणारच.

१७ जुलै, गुरुवार.
चिठ्ठीचं बारकाईनं निरीक्षण केलं. अक्षर थरथरतं. 'क' डावीकडं कललेला. 'णी'ची वेलांटी मध्येच सोडून दिलेली. पराकोटीची असुरक्षितता. इतकं खचलेलं अक्षर वीस वर्षांत पाहिलं नव्हतं.

शोधणं म्हणजे गुप्ततेचा भंग का, यावर अर्धा तास विचार केला. मूल बुडत असेल तर पाण्यात उतरावंच लागतं, मग त्याचं नाव कळलं तरी. भंग नाही.

१९ जुलै, शनिवार.
सापडली. सातवीतली अलिजा.

गेला आठवडाभर तिची वही कोरी आहे. अगदी माझ्याच विषयाची. फळ्याकडं बघते ती डोळे बारीक करून, संशयानं. नजर भिडवत नाही. शेजारणीच्या वहीत डोकावून उतरवते, म्हणजे आत्मविश्वास शून्य. मधल्या सुट्टीत पोरी पळापळी खेळतात, ही भिंतीला टेकून उभी. अक्षर जुळत नाही, पण खचलेलं मूल अक्षर बदलूही शकतं.

शरिफाबींना सहज विचारलं. म्हणाल्या, "परवा म्या दारातनं हात केला तर पोरगी नुसती बघतच ऱ्हायली. पार जवळ आली तवा म्हणली, तुमी व्हय!" ओळख नाकारणं. फॉर्ममध्ये टिपलं. बाई प्रेमळ आहेत, पण मानसशास्त्र वाचलेलं नाही.

अलिजाला तिसऱ्या स्तरात घेतलं. तिसरा स्तर म्हणजे सर्वांत जास्त मदतीची गरज असलेलं मूल, म्हणजे लाल फाइल.

२१ जुलै, सोमवार.
लाल फाइलमधल्या मुलाशी रोज दोन मिनिटं, दहा दिवस, अभ्यास सोडून काहीही बोलायचं. आज पहिला दिवस. व्हरांड्यात बसलो. मी माझ्या बालपणीच्या एकटेपणाबद्दल बोलले. घड्याळ बघितलं तर सतरा मिनिटं झाली होती. सुरुवात आशादायक.

२२ जुलै.
दुसरा दिवस. अलिजा म्हणाली, मॅडम, मला एक सांगायचं होतं. म्हटलं, थांब बाळ, आधी भावनांचा तक्ता. तो मी रविवारभर बसून केला आहे. चोवीस चेहरे, खाली नावं. भिंतीवर लावला, तिला बाकावरूनच विचारलं, आज तू यातली कोण? तिनं बराच वेळ डोळे बारीक केले आणि म्हणाली, कुठली पण.

'कुठली पण.' किती मोठं दुःख दोन शब्दांत! टिपलं.

२५ जुलै, शुक्रवार.
तीन दिवस दोन मिनिटं मिळाली नाहीत. ऑनलाइन माहिती भरायची होती : किती मुलांशी रोज दोन मिनिटं बोललात. साइट चालेना. अलिजा दोनदा ऑफिसच्या दारात येऊन उभी राहिली. नंतर ये म्हटलं. साइट पाचला सुरू झाली, तोवर शाळा सुटली होती.

तीनही दिवसांची दोन-दोन मिनिटं भरली. भरून काढणार आहे म्हणून भरली. हे खोटं नाही, आगाऊ आहे.

वही अजून कोरी. रामहरी सर म्हणाले, माझ्या तासाला बरी लिहिते, मी पुढं बसवतो तिला. त्यांच्या वर्गात शिस्त नाही, त्यामुळं तिची समस्या दिसून येत नसावी.

२८ जुलै, सोमवार.
गृहभेट. अलिजाचे आजोबा मकबूल चाचा टेलर आहेत. गावातल्या निम्म्या गणवेशांची शिलाई त्यांची. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, सुईत दोरा ओवत होते. चहा दिला. मी चार पानी प्रश्नावली काढली. घरात भांडणं होतात का? मुलगी दचकून उठते का? घराण्यात कुणाला मनाचा काही त्रास?

तिसऱ्या प्रश्नाला त्यांनी सुई खाली ठेवली. म्हणाले, "बाई, पोरगी येडी हाय असं म्हणायचंय का तुमाला?" म्हटलं, चाचा, हा तिसरा स्तर आहे. म्हणाले, "तिसरा म्हणजी शेवटचा का?" प्रामाणिकपणे सांगितलं, हो.

त्यांनी माझा अर्धा चहा उचलून आत नेला. संवादाची सुरुवात झाली असं म्हणायला हरकत नाही.

अलिजा पडद्याआडून बघत होती. डोळे बारीक करून.

२९ जुलै. अलिजा गैरहजर.

३० जुलै. गैरहजर. फाइलमध्ये नोंद : 'प्रणालीला विरोध'.

३१ जुलै. गैरहजर. हेडसरांनी बोलावून विचारलं, एरवी सणालाही न चुकणारी पोरगी आत्ताच का चुकते? म्हटलं, सुधारणेआधी असा टप्पा येतो. म्हणाले, मॅडम, तुमच्या टप्प्यात माझा पट चाललाय.

मी इतकं करते आणि हे पट बघतात. पूर्वी फळ्यावर लिहायचं, वाचायचं, घरी जायचं. कुणी शाळा सोडली नव्हती. हे वाक्य लिहून झाल्यावर परत वाचलं. चुकीच्या बाजूनं वाचता येतं. असो.

१ ऑगस्ट, शुक्रवार.
शरिफाबी चुलीपासून उठून थेट माझ्यासमोर आल्या. असं कधी होत नाही. मकबूल चाचांकडं जाऊन आल्याचं म्हणाल्या. पोरीला शाळेतनं काढतो म्हणत होते. शाळा येडी म्हणती, मग शिलाई शिकवतो, मान खाली घालून बसंल. शरिफाबींनी त्यांना चार शब्द सुनावले म्हणे. मग मला म्हणाल्या : "बाई, पोरीला लांबचं दिसत न्हाय. येवढंच हाय ते. उद्या आमी तिला उमरग्याला डोळ्याच्या डॉक्टरकडं नेतोय. त्या फायलीत लिवायचं तर लिवा."

मी म्हटलं, शक्यता नाकारता येत नाही.

फाइल उघडली. डोळे बारीक करते. ओळख नाकारते. तक्त्यावरचे चेहरे. शेजारणीची वही. सगळं माझ्याच अक्षरात, तारखांसह. चार पानांच्या प्रश्नावलीत डोळ्यांचा प्रश्न नव्हता. ती प्रश्नावली मी तयार केलेली नाही, हे इथं नोंदवते. भरली मी.

४ ऑगस्ट, सोमवार. दुपारी १.
अलिजा आली. चष्म्यासह. मागच्या बाकावर बसून भिंतीवरचे चोवीसही चेहरे मोठ्यानं वाचून दाखवले. 'हिरमुसलेला'मधली माझी चूक पण काढली. पोरी चष्मा घालून बघायला रांगेत.

सुट्टीत ती स्वतः व्हरांड्यात आली. म्हटलं, तुला मला काही सांगायचं होतं ना? म्हणाली, तेच सांगायचं होतं मॅडम, की फळा दिसत नाही. विचारलं, मग आधी कसं लिहायचीस? म्हणाली, "तुम्ही लिहिताना मोठ्यानं वाचायचा की. मी ऐकून लिहायची. मग तुम्ही एकदम गप्पच झालात. मला वाटलं रागावलात."

गप्प बसले. यावेळी प्रशिक्षणामुळं नाही.

मग शेवटचं विचारलं. चिठ्ठीत 'कोणी नाही' का लिहिलंस?

तिचा चेहरा पडला. म्हणाली, "मी कुठं? मी तर तुमचंच नाव लिहिलं होतं. कोणी बघू नये म्हणून चार घड्या घातल्या होत्या."

दुपारी ४.
वर्ग रिकामा. दार लावून कागद घेतला. डाव्या हातानं दोन शब्द लिहिले. 'क' डावीकडं कलला. 'णी'ची वेलांटी मध्येच सुटली.

लाल फाइलमधली चिठ्ठी शेजारी ठेवली. फार वेळ बघायची गरज पडली नाही.

आणि चुलीत गेली ती माझी नव्हती.

अलिजाला आणि मकबूल चाचांना जाऊन सांगायला हवं. हेडसरांनाही. उद्या.

५ ऑगस्ट. हेडसर रजेवर.

८ ऑगस्ट, शुक्रवार.
हे टिपून ठेवते : मोठ्यानं वाचणं पुन्हा सुरू केलं आहे. रामहरी सर म्हणाले, आलं बाई, रेडिओ स्टेशन परत आलं. अलिजा आता बघूनच लिहिते. मान वर करायच्या आत तिचं लिहून झालेलं असतं.

चाचांकडं जाणार होते. दारापर्यंत गेलेही. मशीन चालू होतं, कामाच्या वेळी नको म्हणून परतले.

१८ ऑगस्ट, सोमवार.
चिठ्ठ्यांची दुसरी फेरी. वरून आदेश आहे, आधी आणि नंतरचा फरक कळवा. मुलं एकतीस, सगळी हजर. मोठ्यांनीही भरावी ही सूचना आहेच. यावेळी माझ्याकडं पेन नव्हतं.

शरिफाबी : पंधरा. रामहरी सर : बारा. हेडसर : चार. पंधरावी चिठ्ठी एकच घडी घातलेली. अक्षर मोठं, सरळ ओळीत. अलिजाला आता काही लपवायचं नाही.

कोणी नाही : निरंक.

हेडसरांनी अहवाल वाचला. आधी एक, नंतर शून्य, यश शंभर टक्के. सही करताना म्हणाले, मॅडम, त्या एका पोराला तुम्ही हुडकून काढलंत, खरंच मानलं. कोण होतं ते?

म्हटलं, सर, गुप्तता असते.

तालुक्यातून फोन आला. पुढच्या प्रशिक्षणात आमच्या शाळेची यशोगाथा, सादरकर्त्या राजेश्वरी मॅडम, दहा मिनिटं. जेवणानंतरचं सत्र.