क्लचला लावलेलं पितळी बटण

माय, तुझ्या डब्यातलं शेवटचं पितळी बटण मी गाडीला लावलं. हो, गाडीलाच. तू गेल्यावर कितीतरी वर्षांनी, पन्नाशीत, मी गाडी शिकले, आणि सगळ्या उदगीरात हसं करून घेत शिकले. मला शिलाई मशीनवर बसवलंस तेव्हा तू म्हणायचीस, "पोरी, तुझ्या पायाला अक्कल न्हाई. लई कच्चा हाय पाय." तो अजून तसाच आहे. क्लच नीट सुटत नाही, गाडी आचका देऊन बंद पडते, मागचे हॉर्न वाजवतात आणि मी पुन्हा चावी फिरवते. पण शिवलेले कपडे मीच पोचवते, अगदी नांदेडपर्यंत.

त्या दिवशी मागच्या सीटवर नवरदेवाचा कोट होता. लग्न दुपारी, नांदेडला. दुकानाच्या पाटीवर अजून तुझंच नाव आहे. कोट वेळेवर पोचला नसता तर मांडवात नाव तुझं गेलं असतं, आणि ते मला सहन झालं नसतं. अहमदपूरच्या बसस्टँडसमोर चहाला थांबले. चहा झाला, क्लच दाबला, चावी फिरवली, तर काहीच नाही. दिवे लागतात, हॉर्न वाजतो, गाडी ढिम्म. लगेच माणसं जमली. "मावशी, सेकंडला टाका, धक्का मारतो." धक्क्यानं ती निघालीही असती. पण नांदेडात मी ती चौकाचौकात बंद पाडणार, तिथं मला कोण धक्का मारणार?

शेजारच्या गॅरेजातला मेकॅनिक आला. पेडलखाली डोकं घालून म्हणाला, "क्लच दाबला का न्हाई ते कळायला इथं स्विच हाय, मावशी, त्याबिगर गाडी चालूच होत न्हाई. पेडलवरचा प्लास्टिकचा तुकडा त्याला दाबतो. त्याचा चुरा झालाय. तुम्ही दाबून राहिल्या, पण स्विचला पत्ताच न्हाई." पायाखाली पांढरे कण दोन दिवस दिसत होते, मी ते खडूचे समजून झाडून टाकले होते. नवा तुकडा नांदेडहून यायचा, तोही उद्या. "तवर स्विचच्या वायरी जोडून देऊ का?" त्यानं विचारलं. मी म्हटलं, "मग क्लच न दाबता गिअरमध्येच चावी फिरवली तर?" तो हसला. "उडी मारंल की." म्हणजे हा स्विच माझ्यासारखीसाठीच बनवलाय, माय! गिअर काढायचं मी नेहमी विसरते, आणि पुढं माणसं उभी असतात. त्याला वायरीला हात लावू दिला नाही. लग्नघरी जायचं म्हणून नेसलेली साडी सावरत मीच खाली वाकले, मोबाइलचा उजेड धरला. पेडलच्या लोखंडी पट्टीला नुसतं भोक होतं, आणि स्विचची दांडी न दबता त्या भोकातून आरपार जात होती.

भोक बघितलं आणि आपलं स्वयंपाकघर डोळ्यांपुढं आलं. बँडवाल्यांचे लाल कोट शिवून राहिलोय आपण. तू भाकरी थापता थापता मी केलेला कोट उलटा करून बघतेस. पितळी बटण जड, त्याच्या ओढीनं कापड फाटतं, म्हणून कापडाच्या आतल्या बाजूला एक छोटं बटण धरायचं आणि दोन्ही मिळून शिवायची, ही तुझी रीत. मी आतली बटणं लावलेली नसतात. "उसव," तू म्हणतेस. "समदं उसव. ढोल वाजवताना बटण तुटून पडलं तर काय, तू येचून आणतीस?" पीठ लागलेल्या हातानंच कोट माझ्या मांडीवर टाकतेस. मी रडत सगळा कोट पुन्हा केला. तुला दिसेनासं झालं तेव्हा तू बटणांचा डबा मला दिलास. तो गाडीतच असतो. त्यात तुझ्या हातचं पितळी बटण एकच उरलं होतं. ते कुणालाही लावायचं नाही, असं मी ठरवून टाकलं होतं.

लावलं. बटणाची कडी भोकातून मागं काढली, मागं छोटं बटण धरलं, मेण लावलेला दोरा भरून भरून ओढला, कडीभोवती गुंडाळून गाठ मारली. बाहेरून कुणीतरी म्हणालं, "मावशी गाडीला काज-बटण करून राहिल्या!" सगळे हसले. मी बसले, क्लच दाबला, चावी फिरवली. पहिल्याच फेरीला चालू! मेकॅनिकनं वाकून बघितलं. "हाव की, पक्कं झालं," म्हणाला, आणि एक रुपया घेतला नाही. नांदेडात गुरुद्वाऱ्याजवळच्या गर्दीत मी गाडी बंद पाडली, चालू केली. पुढच्या चौकात परत पाडली, परत केली. इतक्या आनंदानं कुणी कधी गाडी बंद पाडली नसेल. नवरदेवानं कोट घातला, अंगावर नीट बसला, आणि त्याच्या आईनं कोटाची कड उलटून आतून बघितलं. बघ, मी मनात म्हटलं, खुशाल बघ.

मेकॅनिकनं नंतर तो नवा तुकडा आणून दिला. गाडीच्या पुढच्या कप्प्यात पडून आहे. बसवून घ्या, असं तो दर वेळी सांगतो, आणि मी "पुढच्या वेळी" म्हणते. हे पत्र तुला पाठवायचं तरी कुठं, म्हणून तेही त्याच कप्प्यात ठेवते. आणि एक सांगते, हसू नकोस. घरी आल्यावर गाडी बंद केली, की उतरायच्या आधी मी क्लच एकदा उगाचच दाबते, तुझं बटण स्विचला टेकेपर्यंत.