गोमतीवहिनीनं घरी काय सांगितलं

रिसोड,
दि. २० फेब्रुवारी २०२४

चि. रविकांत यास,
ताईचा आशीर्वाद. वि. वि. प्रभूच्या कृपेनं इथं सारं बरं आहे. गुडघे कुरकुरतात, पण रिटायर नर्सचं दुखणं कोण ऐकते?

उपवासकाळ सुरू झाला. रविवारी चर्चमध्ये पाळकसाहेब म्हणाले, आपण लोकांशी कसे वागतो हे स्वतःले विचारू नका, आपण स्वतःले पासच करतो. घरच्या माणसाले विचारा. मले वाटते, माह्यं बरं चाललं. किती आजाऱ्यांचं केलं, कोणाच्याही बाळंतपणाले धावली. तरी तू सांग. फोनवर तू हसण्यावारी नेतो, म्हणून पत्र. भिऊन लिहू नको.

रंजीताले आशीर्वाद. आपल्या ताईची याद ठेवत जाय.
तुझी ताई,
वैजयंती


मालेगाव,
दि. २७ फेब्रुवारी २०२४

ती. ताईस,
सप्रेम सलाम. वि. वि. तुह्यं पत्र रंजीतानं वाचलं आणि म्हणाली, उत्तर देऊ नका, ताई वर्षभर बोलणार नाहीत. तरी लिहितो.

तू परक्याची घाण हातानं काढते, हे मी पाह्यलं आहे. पण सहा वर्षांपूर्वी बाबांच्या मातीले गोमतीवहिनी आली होती. दादा वारल्यावर सात वर्षं तिनंच बाबांचं सारं केलं. मंग हेमसिंगशी लग्न केलं, एवढाच तिचा गुन्हा. तो आपल्या मंडळीतला नाही म्हणून तू तिले फाटकातच अडवलं. तू म्हणाली, हे तुह्या बापाचं घर नाही. ती घडीभर उन्हात उभी राह्यली आणि बाबांचं तोंड न पाहता हेमसिंगच्या गावी, रिठदले परत गेली.

मी तुह्या मागंच होतो. एक शब्द बोललो नाही. तुले निदान राग होता, मले नुसती भीती होती.

रागावशील तर रागाव, पण माया पातळ करू नको.
तुझा,
रविकांत


रिसोड,
दि. १२ मार्च २०२४

चि. रविकांत यास,
आशीर्वाद. वि. वि. आठ दिवस तुले मनात शिव्या दिल्या. नवव्या दिवशी जीप धरून रिठदले गेली.

अंगणात हेमसिंगची माय हिरीबाई हरभरा पाखडून राह्यली होती. नाव सांगताच सूप टाकून उठली, माह्या तोंडावरून दोन्ही हात फिरवले. म्हणाली, तूच का ते वैजयंती? माह्या सुनेले तुमच्या घरी असताना टायफाईड झाला तवा एकवीस दिवस तिच्या उशाशी बसली, ते? मंग हेमसिंग आला. त्यालेही तेवढंच माहीत. त्या घरात सहा वर्षं माह्यं फक्त चांगलंच सांगितलं गेलं. फाटकातली गोष्ट वहिनीनं नवऱ्यालेही सांगितली नव्हती.

रवी, एवढं मोठं काही मी जन्मात पाह्यलं नव्हतं. मी त्या दोघांसमोर सारं सांगून टाकलं. हिरीबाईनं हात मागं घेतले. हेमसिंग उठून बाहेर गेला. ते बरोबरच होतं.

वहिनी पाणी घेऊन दारात उभी होती. तिनं सारं ऐकलं होतं. मी विचारलं, काहून नाही सांगितलं? म्हणाली, पहिली दोन वर्षं सांगाले तोंड उघडे, मंग न सांगता प्रभूपाशी रडे. मंग वाटलं, मी सांगितलं तर तुमाले या घरात याले वाटच राहणार नाही.

तिनं मले एकच विचारलं, बाबांच्या अंगावर सदरा कोणता होता. तिनं शिवलेला पांढराच होता. ते ऐकून ती खाली बसली आणि मोठ्यानं रडली.

हेमसिंग गेला होता तो जीप ठरवाले. माह्याशी बोलला नाही, पण आमाले इथल्या दफनभूमीत घेऊन आला. वहिनीनं बाबांच्या कबरीवर मूठभर माती टाकली. मंग नवऱ्याचा हात धरून पुढं आणलं आणि म्हणाली, बाबा, हे माह्ये मालक. साठ वर्षं चर्चमध्ये गेली, पण प्रभूसमोर उभी असल्यासारखं मले त्याच दिवशी वाटलं.

हेमसिंगनं मले अजून क्षमा केली नाही. मी मागतही नाही, त्याले वेळ लागंल. वहिनीनं तुह्याबद्दल विचारलं. तू बरा आहे, एवढंच मी सांगितलं. बाकीचं तुह्या तोंडानं सांग. रिठदची जीप सकाळी आठले निघते.

जीव लावत राह्य.
तुझी ताई,
वैजयंती