दफनभूमी नावाचा कप्पा

३ जुलै, सोमवार

मिल्काची सतरा नावं परत पाठवली. एका सकाळीत!

नियमावली माझी आहे. गोदामाची प्रणाली बिलांच्या प्रणालीला निरोप देते, बिलांची ट्रकांच्या प्रणालीला. अशा चारशे बारा जोडण्या. एकतीस जुलैपर्यंत प्रत्येकीचं नाव एकाच साच्यात बसलं पाहिजे — कोण पाठवतं, कोण घेतं, काय, आणि तीन आकडी क्रमांक. यात न कळण्यासारखं काय आहे?

मिल्का बेन्तान्कूरच्या जोडण्यांची नावं: जाडी. लंगडी. सासूबाई.

"सासूबाई का?" मी सगळ्यांसमोर विचारलं.

"काहीही पाठव, नाक मुरडून परत करते."

सगळे हसले. मीही हसले. मग नकाराच्या रकान्यात लिहिलं — अशोभनीय.

५ जुलै

फळा लागला. कॉफीच्या यंत्राशेजारी, म्हणजे टाळता येणार नाही असा. ज्या जोडणीचं नाव बदलणं शक्य नाही तिच्यासाठी सवलतीचा अर्ज भरायचा. अर्ज मंजूर झाला की ती जोडणी मुळात ज्याने बनवली त्याचं नाव फळ्यावर. लाल अक्षरांत. कल्पना माझीच.

एबेर आमचा विभागप्रमुख. म्हणाला, "नोएमी, जरा जास्त होतंय का?"

"मुदत पाळायची आहे ना तुला?"

कॉफी घेऊन निघून गेला.

दुपारपर्यंत मिल्काचं नाव अकरा वेळा. शेजारच्या टेबलावरचा दार्दो ओरडला, "ए मिल्का! गुणतक्त्यात पहिली आलीस!" ती आली. थर्मास काखेत, हातात येर्बाच्या कडू चहाचा पेला. चष्मा लावून फळा सावकाश वाचला. "शाळेत कधी पहिली आले नव्हते," म्हणाली. आणि पेल्यात पाणी ओतलं.

६ जुलै

हसू कसं येतं तिला?

१० जुलै

तिसऱ्या मेमोला नोकरी जाते. मिल्काला दोन मिळालेत. दोन्ही मी लिहिलेले. निवृत्तीला चौदा महिने आहेत तिच्या. आत्ता गेली तर पूर्ण पेन्शन नाही.

मी इथे आले तेव्हा तिच्या हाताखाली होते. खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून मागे उभी राहायची. "हळू, पोरी." अजूनही पोरी म्हणते. सगळ्यांसमोर. मी एकेचाळीस वर्षांची आहे. तपासनीस आहे!

१३ जुलै

सापडलं.

आमच्याकडे कुणी काही पुसून टाकत नाही. भीती — न जाणो, कशाला तरी लागत असेल. मेलेल्या जोडण्या एका कप्प्यात सरकवायच्या. कप्प्याचं नाव दफनभूमी. कुणी दिलं कुणास ठाऊक. तिथे माझी नियमावली लागू नाही. मेलेल्यांची नावं कोण तपासणार?

आज सहज उघडला. एकशे सहा मढी. त्यातलं एक श्वास घेतंय. थंड ट्रकांमधलं तापमान दर पाच मिनिटांनी आणतंय, काटा वर चढला की धोक्याची सूचना देतंय. औषधांचे अडतीस ट्रक, सगळे त्याच्यावर. मागच्या आठवड्यात मिल्काने ते गुपचूप तिथे सरकवलं.

नाव — चाचणी-२! बालवाडी. काहीतरी करून बघायचं म्हणून बनवलं असेल, चाललं, तसंच राहिलं. ट्रकांतल्या तापमान मोजणाऱ्या डब्यांना हेच नाव पक्कं शिकवलेलं, बदलायचं तर डबान् डबा उघडावा लागेल. म्हणजे अर्ज. म्हणजे फळा. अकराव्यापर्यंत हसली, बाराव्याला लाज वाटली बाईला.

तिला विचारायला हवं होतं. विचारलं नाही. दफनभूमी साफ करायची परवानगी मागितली. एबेरने न वाचता सही केली.

१४ जुलै, शुक्रवार

सूचना लावली: दफनभूमी सोमवारी कायमची साफ. हरकत आज चारपर्यंत.

साडेतीनला मिल्का आली. हातात बिस्कोचोंची, दर शुक्रवारी आणते त्या छोट्या गोड पावांची, पिशवी.

"पोरी, सोमवारचं महिनाभर पुढे ढकल."

"का?"

"ट्रक ऑगस्टमध्ये डेपोत येतात. तेव्हा डबे उघडून घेते एकेक."

"कुठल्या जोडणीबद्दल बोलतेस? अर्ज भर. आणखी एकदा नाव लागलं फळ्यावर, तर तुला काय त्याचं?"

पिशवीची गाठ सोडली. काहीतरी बोलणार होती.

"अर्ज नाही भरत," म्हणाली.

"मग हरकत नाही, असं धरते."

कागदी रुमालावर एक बिस्कोचो माझ्यापुढे ठेवला आणि गेली. मी तो केराच्या टोपलीत टाकला. ती वळून बघेल म्हणून थांबले होते. बघितलं नाही.

१७ जुलै

एकशे पाच एका झटक्यात पुसल्या. चाचणी-२ मागे ठेवली होती. ती सावकाश, हाताने.

मिल्का सकाळपासून फोनवर. पुढ्यात अडतीस ड्रायव्हरांची यादी. "वॉशिंग्टन, काटा किती? चार? शाब्बास. दोन तासांनी परत करते." "नाही रे बाबा, वेड नाही लागलं मला, मागे जा आणि काटा बघ." दार्दो म्हणाला, "मिल्का, टॅक्सीचा धंदा काढलास का?" "हो, तुला फुकट नेणार नाही."

यंत्राचं काम तोंडाने करतेय. अठ्ठावन्न वर्षांची बाई. आवाज बसला दुपारपर्यंत.

मजा आली. कुणाला सांगणार नाही म्हणून इथे लिहिते — मजा आली.

१८ जुलै

आजही. लिंबाच्या गोळ्या चघळत. जेवली नाही.

१९ जुलै

आर्तिगासच्या वाटेवर एका ट्रकचं गारव्याचं यंत्र बंद पडलं. ड्रायव्हर रेंज नसलेल्या पट्ट्यात. मिल्काने एकोणीस वेळा फोन लावला. लागला तेव्हा काटा सव्वीसवर. सगळं इन्सुलिन गेलं. तिथल्या दवाखान्यातून माणसं रिकाम्या हाताने परत. एका शाळकरी मुलीला अँब्युलन्सने सालतोच्या मोठ्या इस्पितळात नेलं.

मिल्का फोन हातात घेऊन बसून होती. बंद झालेला फोन.

२० जुलै

मुलगी शुद्धीवर आली म्हणे. बरं झालं. प्रकरण फार मोठं व्हायला नको.

२१ जुलै

चौकशी. वीस मिनिटं. एबेर, कायदा विभागाची बाई, मिल्का, मी.

"जिवंत जोडणी दफनभूमीत कुणी ठेवली?"

"मी."

"सवलतीचा अर्ज का नाही भरला?"

"नाही भरला."

"अहो, पण कारण?"

"कारण माझ्याजवळ राहू दे."

बाईने चष्मा काढला. "ती जिवंत आहे हे नोएमीला माहीत होतं?"

मिल्का म्हणाली, "तिला विचारा."

मी म्हटलं, नाही.

एबेर टेबलाकडे बघत होता. तिसरा मेमो मीच लिहिला, तिथल्या तिथे. अक्षर चांगलं आलं.

मिल्काने खण रिकामा केला. थर्मास, चष्म्याचं घर, गोळ्यांची अर्धी पुडी. दार्दो लिफ्टपर्यंत सोडायला गेला, एकही विनोद न करता. माझ्या टेबलापाशी थांबून म्हणाली, "जाडीवर लक्ष ठेव. सोमवारी तुंबते ती."

२४ जुलै

तुंबली.

२५ जुलै

ट्रकांसाठी चाचणी-२ बॅकअपमधून परत आणली. सोबत तिचा इतिहासही आला. बनवली: मे २०१२. बनवणारी व्यक्ती — मी. खाली अकरा दुरुस्त्या, दर हिवाळ्यात एक. सगळ्या मिल्काच्या.

बनवणाऱ्याच्या नावाचा रकाना बदलायचा अधिकार फक्त तपासनीसाला असतो. बदलला. अर्ज भरला. चार वाजता फळ्यावर नाव लागलं, लाल अक्षरांत, बाराव्यांदा — मिल्का बेन्तान्कूर.