खडूच्या फुल्या

सोमवार, ४ मार्च

कॅमेरा बसला! बरोबर माझ्या डोक्यावर. जुन्या मोबाइल-लॅपटॉपमधून काढलेल्या बॅटऱ्या पट्ट्यावरून माझ्याकडे येतात. फुगलेली दिसली की मी तिच्यावर खडूने फुली मारते आणि वाळूच्या बादलीत टाकते. बाकीच्या पुढे वन्संकडे जातात, त्या पिंपात रचतात. फुगलेली एक जरी पिंपात गेली तरी आग. वीस वर्षांत मी एकही जाऊ दिलेली नाही.

आता हे काम यंत्र शिकणार म्हणे. इंजिनिअर म्हणाला, "ताई, तुम्ही नेहमीसारखं करा. तो बघून बघून शिकेल." तो! जसा काही घरचा जावईच. तो शिकला की मी पॅकिंगला.

मंगळवार, ५ मार्च

पाठ दुखली. बाकी काही नाही.

सोमवार, १८ मार्च

आज बादलीत टाकायचं काम यंत्राच्या हाताने केलं. मी नुसती उभी. हात शिवशिवत होते, म्हणून फुल्या मारत राहिले. यंत्राला शंभरात शंभर! इंजिनिअरचे पाय जमिनीवर नाहीत. येत्या सोमवारपासून मी पॅकिंगला. घरी येऊन भांडी जरा जोरातच आपटली.

बुधवार, २० मार्च

खडू संपला. नवा घेऊन येते तर काय — उशीसारखी फुगलेली बॅटरी यंत्रासमोरून थेट पुढे! धावत जाऊन उचलली. शंका आली. एका धडधाकट बॅटरीवर मुद्दाम फुली मारली. यंत्राने टाकली बादलीत!

म्हणजे हा बॅटरी बघतच नाही, माझी फुली बघतो! पोट धरून हसले. मग हसू गेलं. सोमवारपासून फुली मारायला मी नाही.

गप्प बसावं का? यंत्राची फजिती होईल, मला हात जोडून परत बोलावतील. पण फजिती म्हणजे आगच की. आणि पिंपात हात वन्संचे.

गुरुवार, २१ मार्च

सांगून टाकलं. इंजिनिअरचा चेहरा उतरला. "ताई, माझी नोकरी वाचवलीत." माझी कोण वाचवणार? पुन्हा शिकवणी, खडू कपाटात.

घरी वन्संनीच झापलं. "वहिनी, कशाला तोंड उघडलंस? मी होते ना पुढे!" घ्या! ज्यांच्यासाठी बोलले, त्याच वर ओरडतात. जेवताना बोललेच नाही त्यांच्याशी.

शुक्रवार, ५ एप्रिल

परीक्षा. दोनशे बॅटऱ्या — आधी मी तपासल्या, मग यंत्राने त्याच. त्याने माझ्यापेक्षा सात जास्त काढल्या. म्हटलं, चांगला माल फुकट घालवतोय! इंजिनिअरने एकेकीची जाडी मोजून दाखवली. सातही फुगलेल्या. थोड्याच, पण फुगलेल्या.

मोजण्यातच घोटाळा असणार. माझ्या नजरेत नाही.

शनिवार, ६ एप्रिल

वन्संना डबा द्यायला त्यांच्या जागेवर गेले. स्टुलामागे वाळूची बादली. आत फुगलेल्या बॅटऱ्या, एकीवरही फुली नाही.

"हे कधीपासून?"

वन्संनी पिंपातून मान वर केली नाही. "होतील दोन वर्षं. हाताला लागतात गं. सांगितलं असतं तर तुला घरी बसवलं असतं त्यांनी."

चार मार्चचं पान काढलं. त्यातलं वीस वर्षांचं वाक्य खोडलं.