डर्बी जिंकलेल्या घोडीचं पोट

अण्णा, घोडी सकाळपासून चौथ्यांदा आडवी पडायला बघतेय आणि तिला उभं कसं ठेवायचं हे विचारायला तुम्ही नाही. तुम्हाला जाऊन वीस वर्षं झाली. तेवढ्या काळात तुमची मुलगी जगाची टवाळी लिहून पोट भरायला शिकली. लीद का पडत नाही, यावर मात्र मला आज एकही विनोद सुचत नाहीये.

घोडी साधीसुधी नाही, चार वर्षांपूर्वी डर्बी जिंकलेली. पुढे पायाची शीर गेली, गाभण राहिली नाही, आणि हात बदलत बदलत गुहागरच्या किनाऱ्यावर पर्यटकांच्या पोरांना पाठीवर घेऊन लंगडायला लागली. घोडेवाल्याने कागद दाखवले, तेव्हा मला तुम्ही आठवलात आणि माझी अक्कल गेली. सोडवून घरी आणली. काल अख्खं गाव पाहुणचाराला लोटलं. शेजारची काकी पातेलंभर भात घेऊन आली, "काय गो, एवढी चँपियन आणि नुसतं सुकं गवत घालतंस? जनाची तरी लाज हाय का न्हाय?" कुणी फणसाचे गरे आणले, कुणी मोदक. सरपंचांनी हार घातला, तोही तिने खाल्ला. सत्कारमूर्तीच्या पोटात काहीतरी गेलं, असा मी पाहिलेला हा पहिलाच सत्कार.

रेसकोर्सवरचा तुमचा तो दिवस दिसतोय मला. तुम्ही सईस, घोड्यांची निगा राखणारे, तुमच्या हाताखालचा घोडा डर्बी जिंकलाय. फोटोपुरता लगाम मालकिणीच्या हातात, फोटो झाल्यावर घाम पुसायला तुम्ही. मी कॉलेजातली, आईने दिलेला नारळाच्या वड्यांचा डबा तबेल्यात उघडून त्याच्या तोंडापुढे धरते, आणि तुम्ही सगळ्या सईसांसमोर तो उडवून देता. "घोड्याला उलटी होत नाही, कळलं? गेलेलं परत येत नाही. आग्रह करायला तो काय जावई आहे?" मी महिनाभर तुमच्याशी बोलले नाही. तुम्हीही समजूत काढली नाहीत, घोड्याच्या पोटाला कान लावून बसलात.

मघाशी मीही कान लावला. सुट्टीच्या दिवशीच्या कचेरीसारखं सामसूम. कान गार पडलेत तिचे, वळून वळून स्वतःच्याच कुशीकडे बघते. डॉक्टर म्हणाले, "बाई, मी गाईम्हशींचा माणूस. नळी घातली, सुई दिली. संध्याकाळपर्यंत लीद पडली तर वाचली."

"आणि नाही पडली तर?"

"चालवत राहा."

आत्ता काकी दोरी धरून अंगणात फेऱ्या मारतेय, म्हणून मला बसता आलं. काकीच्या गुडघ्यांचं दुखणं तुम्हाला ठाऊक आहे. दर फेरीला पायरीपाशी आली की पदराने डोळे पुसते, "मीच मारली गो हिला. माझ्या भातानं मारली." मी खाली मान घालून लिहितेय.

डॉक्टरांनी विचारलं होतं, सगळ्यात आधी काय खाल्लं हिने? मी काकीचं पातेलं दाखवलं. त्याच्याही आधी, काल पहाटे, सुक्या गवताची सवय झालेल्या तिला मी एकदम बादलीभर भिजवलेले चणे घातले होते. व्हिडिओ काढायचा होता मला, त्यात ती तजेलदार दिसायला हवी होती.

हे डॉक्टरांना सांगितलेलं नाही, काकीलाही नाही. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही आता ओरडू शकत नाही.