मयताच्या घरचं गाणं

अकोट, ३ ऑगस्ट २००६

चि. रागिणीले आजीचे आशीर्वाद. आमी जित्ते आहो, तेच खुशाली समज.

तुह्यं पत्र भेटलं. मयतावर गाणाऱ्या माह्या पार्बताबाईच्या नावानं वऱ्हाडात दरसाल सरकारी दिवस पाळणार म्हणते. जिती होती तवा अपशकुनी म्हणून कोणी ओट्यावर बसू देलं नाई, आता फोटोले हार. चालते. पण तिचं निरोपाचं गाणं मी अमरावतीच्या स्टेजवर म्हणावं, हे तुह्या हाफिसातल्या साहेबाले कोनं सुचवलं? ज्या घरून तिरडी निघाली, त्याच घरी ते गाणं होते. दुसरीकडं म्हटलं तं मरणाले आवतन. पार्बतानं शपथ घालूनच मले शिकवलं. झेंडू मागतला असता तं टोपलंभर धाडला असता.

जेवत जाय. फोटोत हाडं दिसून राहिली तुही.

तुही आजी कौशल्या

अमरावती, ९ ऑगस्ट २००६

ती. आजीस, पायांवर डोकं ठेवून नमस्कार.

साहेबांना तुझं म्हणणं सांगितलं. ते हसले. म्हणाले, ज्या गाण्यानं बाई ओळखल्या जायच्या तेच होणार नसेल, तर दिवस कशाचा पाळायचा? त्या दिवसासाठी दुसऱ्या कोणाचं नाव वर पाठवू. आजी, ते गाणं आता तुझ्याशिवाय कोणालाच येत नाही. पार्बताबाईचं नाव तुझ्यासोबतच जाईल गं. तू नुसती ये. म्हणायचं की नाही, ते तिथं ठरव.

शिव्या दे, पण माया कमी करू नकोस.

तुझी रागिणी

अकोट, २ सप्टेंबर २००६

चि. रागिणीले आशीर्वाद. यष्टीनं कंबर मोडली. तुमचा चहा त्याहून बेकार होता.

तू पडद्यामागं होती, म्हणून लिहून राहिली. साहेबानं माईक देला. मी म्हटलं, हे गाणं मयताच्या घरीच होते. औंदा ज्याच्या घरून कोणी गेलं, त्यानं उभं राहावं. मले वाटलं, कोण उठते? आपण सुटलो.

आधी मागची एक बाई उठली, लेकरू काखेत. मंग तिच्या बाजूचा बुढा. मंग खुर्च्या वाजतच राह्यल्या. स्वागतगीताच्या पोरी रांगेतून पुढं आल्या. चपराशी देवानंद चहाचा ट्रे खाली ठेवून त्याइच्यात जाऊन उभा राह्यला. साहेब तेवढे बसून होते, तेही खाली पाहून.

मंग काय. मयताचं घरच होतं ते. म्हटलं.

दिवस मंजूर झाला, चांगलं झालं. पण साहेबाले सांगून ठेव, दरसाल मी आधी हेच इचारीन. ज्या साली कोणी उठणार नाई, त्या साली न गाता परत येईन. तेवढं एक साल पाहाले जगायचं आहे मले.

आठोन ठेवजो.

तुही आजी