शहाणपण मागितलं होतं

ता. २ मे १९७१, रविवार. अराद

पहाटे उठून एक अध्याय वाचला. सातवी फेरी. मुंबईहून आणलेलं मराठी शास्त्र, पुठ्ठा सुटलाय, दोऱ्याने बांधून ठेवतो. मग सहाची शिफ्ट.

वयाची बेचाळीस पुरी झाली. मुंबईच्या मिलमध्ये जॉबर होतो, हाताखाली तीस माणसं. इथे कापडाच्या कारखान्यात सात वर्षांनंतरही फोरमनचा मदतनीस. दोनदा डावललं. तोंडावर कोणी काही बोलत नाही. "तुम्ही हिंदुस्तानी लोक फार गोड," म्हणतात. गोड माणसाला फोरमन करत नसावेत.

तरी धरून आहे. शास्त्राप्रमाणे चालणाऱ्याचं भलं होतं, असं बाबांनी शिकवलं. मीही दर बुधवारी घरी, मुंबईकडून आलेल्या आमच्या ज्यू लोकांना तेच शिकवतो. आता माझं कधी होतं तेवढं बघायचं.

ता. ५ मे, बुधवार

वर्गाला अकरा जण. बायकोने, लीयाने चहा केला, चिवडा संपला. आज त्या राजाचा धडा घेतला. देव स्वप्नात विचारतो, काय हवं? राजा शहाणपण मागतो. देव खूश होऊन दौलत आणि मानही देतो. माझा आवडता धडा, मन लावून सांगितला.

एझ्रा निम्मा वेळ पेंगतो आणि मधेच जागा होऊन नेमकं विचारतो. तिकडे गावात आमची घरं भिंतीला भिंत लागून होती. एकाच विमानाने आलो, आता माझ्याच खात्यात कापड दाबणाऱ्या रुळांच्या मशीनवर आहे.

म्हणाला, "जोसेफ, त्या राजाला आधीच ठाऊक होतं का रे, शहाणपण मागितलं की बाकीचं वर मिळतं ते? ठाऊक असून मागितलं असेल तर लबाडीच की."

सगळे हसले. मी काहीतरी उत्तर दिलं. काय दिलं ते आता आठवत नाही.

ता. ११ मे, मंगळवार

फोरमन नोकरी सोडून हैफाला जातोय, महिनाअखेर. मॅनेजरने मला केबिनमध्ये बोलावलं. बस म्हणाला. सात वर्षांत पहिल्यांदा.

"योसेफ, रुळांपुढची जाळी सारखी उघडावी लागते. कापड अडकलं की मशीन बंद. काढून टाक ती."

मी म्हटलं, जाळी नसली तर हात आत जाईल कोणाचा तरी.

"मदतनिसासारखं बोलतोस. फोरमनसारखा विचार कर."

बाहेर येऊन जाळी काढली. मीच, माझ्या हातांनी. एझ्रा बघत होता. त्याला म्हटलं, सांभाळून कर. तो म्हणाला, "तू आहेस ना."

ता. १७ मे, सोमवार

एझ्राचा उजवा हात रुळांत गेला. नऊ वाजून गेले होते. मी दुसऱ्या टोकाला होतो. आवाज ऐकला तो मशीनचा वाटला.

बेर शेवाच्या हॉस्पिटलात नेलं. तीन बोटं

पुढे लिहवत नाही.

ता. १८ मे, मंगळवार

हॉस्पिटलात जाऊन आलो. एझ्रा गुंगीत होता. त्याची बायको सारा माझ्या हाताला धरून रडली. "भावजी, तुम्ही होतात म्हणून तरी तिथे आपलं माणूस होतं."

परत कारखान्यात. मॅनेजरच्या टेबलावर हिब्रूत टाइप केलेला कागद. कामगाराने सूचना न पाळता स्वतः जाळी काढली, असं मी पाहिलं. खाली माझं नाव, सहीची जागा मोकळी.

मी म्हटलं, हे खरं नाही.

"मग खरं काय? जाळी कोणाच्या हाताने निघाली? तुझ्या. तसं लिहू? मी सांगितल्याचा काही लेखी पुरावा आहे तुझ्याकडे?" मग आवाज उतरवून, "तुझ्या बायकोला इथली हवा मानवते ना? अरादमध्ये दुसरा कुठला कारखाना तुला घेईल ते सांग."

गुरुवारपर्यंत मुदत दिली.

ता. १९ मे, बुधवार

वर्ग घेतला नाही. एझ्रासाठी प्रार्थना करून सगळे गेले.

संध्याकाळभर शास्त्र चाळलं. खोट्या साक्षीबद्दल, शेजाऱ्याबद्दल, दुबळ्याच्या हक्काबद्दल. कुठे तरी एखादं वाक्य असं सापडेल ज्याचे दोन अर्थ निघतात, अशी आशा होती. एकही नाही. अडचण हीच आहे की सगळं स्पष्ट आहे.

ता. २० मे, गुरुवार

सही केली.

लीयाचा दमा. हैफात असताना दर हिवाळ्यात तिला उचलून दवाखान्यात न्यायचो. इथल्या कोरड्या हवेत ती जिना चढते, बाजारात जाते. नोकरी गेली तर घर गेलं, अराद गेलं. हे सगळं मनात मांडत केबिनपर्यंत गेलो. सहीला दोन सेकंद लागले.

ता. ६ जून, रविवार

आजपासून फोरमन. मॅनेजरने सगळ्यांसमोर हात मिळवला. कपाटाची किल्ली मिळाली. केबिनजवळ स्वतःची खुर्ची. बसलो, उठलो, परत बसलो.

रुळांच्या मशीनला नवी जाळी लागली आहे. पहिल्यापेक्षा मजबूत.

ता. ९ जून, बुधवार

वर्गाला एकोणीस जण! खुर्च्या शेजारून आणल्या. अब्राहामकाका उभे राहून बोलले, "बघा पोरांनो. हा माणूस रोज पहाटे शास्त्र वाचतो. शेवटी देवाने दिलं की नाही?" टाळ्या वाजवल्या.

मी मान खाली घालून बसलो. त्याला सगळे नम्रपणा समजले.

आता कळतंय, एझ्राने काय विचारलं होतं. मी सात वेळा शहाणपण मागितलं ते बाकीचं मिळावं म्हणून. बाकीचं मिळालं.

ता. २७ जून, रविवार

एझ्रा घरी आला. जीव वाचला म्हणून साराने नवस फेडायला एलियाहू हन्नाबी या संदेष्ट्याच्या नावाने मलिदा केला. पोहे, खोबरं, गूळ, पाच फळं. नारळ इथे मिळत नाही, तिने तेल अवीवहून कोणाकडून तरी मागवला होता. प्रार्थना मी म्हणावी असा एझ्राचा हट्ट. म्हटली. आवाज चांगला लागला, सगळे म्हणाले.

पांगापांग झाल्यावर एझ्राने डाव्या हाताने कारखान्याचं पाकीट पुढे केलं. "हिब्रू आपल्याला कुठे येतं? वाच बरं काय म्हणतात."

वाचलं. फोरमनच्या निवेदनानुसार अपघात कामगाराच्या बेशिस्तीने झाला, सबब त्याला हलकं काम देण्यास व्यवस्थापन बांधील नाही.

एझ्रा माझ्या तोंडाकडे बघत होता. सारा प्रसादाची ताटली घेऊन उभी.

मी म्हटलं, "चौकशी चालू आहे म्हणतात. थांबायला सांगितलंय."

"थांबू की," एझ्रा म्हणाला. "तू आहेस तिथे, मला काय घोर?"

साराने ताटलीभर मलिदा बांधून दिला, लीयासाठी.

ता. १४ जुलै, बुधवार

वर्ग झाला. पहिल्यांदाच एझ्रा आला होता, हाताला पट्टी. पुस्तक मांडीवर ठेवून डाव्या हाताने पान उलटत होता, दोन पानं एकदम उलटायची. शेजारच्या बाईने मदत केली. मी धैर्यावर बोललो. काय वाटेल ते बोललो.

ता. १८ जुलै, रविवार

कामावरून आलो तर आमची लेक ओर्ना दारात. सोळा वर्षांची आहे, आईएवढी उंच झाली. मी मराठीत विचारलं, काय झालं? ती नेहमीसारखी हिब्रूत बोलली.

सारामावशीने तिला हाक मारून ते पत्र दाखवलं होतं. म्हणे, चौकशी संपली की नाही ते यात लिहिलंय का बघ. ओर्नाने पत्र वाचलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत. मराठी करून सांगितलं, एक ओळही गाळली नाही.

"फोरमन म्हणजे तूच ना, अब्बा?"

मी म्हटलं, तुला यातलं कळत नाही.

"मला वाचता येतं," ती म्हणाली. "तुलाही येतं. त्या दिवशी तू काय वाचलंस त्यांना?"

मी बूट काढत राहिलो. तिने पाय आपटले नाहीत, रडली नाही. खोलीत जाऊन दार अगदी हळू लावलं. आपटलं असतं तर बरं झालं असतं.

ता. १९ जुलै, सोमवार

लीयाला सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती, निवडत राहिली. मी म्हटलं, तुझ्या तब्येतीसाठी केलं. इथली हवा...

तिने सुरी खाली ठेवली. "माझ्या दम्यावर ढकलू नका. मला विचारलं होतंत का? मी हैफाला खोकत बसले असते. साराला तोंड तरी दाखवता आलं असतं."

मग परत भाजी. जेवायला वाढलं, स्वतः जेवली नाही.

ता. ११ ऑगस्ट, बुधवार

वर्गाला चौघे. कोणी काही म्हणालं नाही. एकाच्या घरी पाहुणे, एकाला ताप, एकाची ड्यूटी बदललेली. सगळ्यांचं एकाच बुधवारी.

अब्राहामकाका शेवटपर्यंत थांबले. जाताना म्हणाले, "जोसेफ, काही दिवस बंद ठेव. तुझ्या तोंडून ऐकवत नाही आता."

खुर्च्या शेजारी नेऊन दिल्या.

ता. १२ सप्टेंबर, रविवार

पहाटे वाचायचं सोडलंय, दहा-बारा दिवस झाले. उठतो मात्र त्याच वेळी. खिडकीतून टेकड्या दिसतात, हिरवं पान नाही कुठे. पाय लांब करून बसतो. ज्या पुस्तकाने मला काही लपवून ठेवलं नाही त्याच्यावर रागावून काय उपयोग? तरी रागावलोय.

कारखान्यात माझं खातं पहिलं आलं. मॅनेजरने पाठ थोपटली.

एझ्रा बाजारात संत्र्यांच्या पेट्या मोजायला बसतो. खांद्याला थैली अडकवून घेतो, हात खिशात. मला बघून दुसरीकडे वळला नाही. मीच वळलो.

ता. २८ सप्टेंबर, मंगळवार

उद्या दरफाळणीचा सण, इथला किप्पूर, पापं धुवायचा उपास. आज एकमेकांची माफी मागायची. देवाचं देवाकडे, माणसाचं माणसाकडे.

दुपारी एझ्राकडे गेलो. सारा आत निघून गेली. तो पांढरा सदरा घालत होता, उद्याचा, अंगाला बसतो का बघत असावा. बटणं डाव्या हाताने लावत होता. मी पुढे झालो तसा म्हणाला, "राहू दे. येतं मला."

मी पाठ केलेलं सगळं बोललो. चूक झाली, भीती वाटली, बायको आजारी. त्याने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"मी अपील केलंय," म्हणाला. "ओर्नाने अर्ज लिहून दिला. एकोणीस ऑक्टोबरला बेर शेवात कमिटी बसणार. तुला बोलावतील."

"ओर्नाने?"

"तुला सांगितलं नाही वाटतं." शेवटचं बटण लागलं. "जोसेफ, माफी आज मागू नकोस. आज मागितलीस तर मला द्यावी लागेल, सण आहे. मला द्यायची नाही. तू तिथे ये, काय झालं ते सांग, मग माझ्या दारात ये. तेव्हा बघू."

"आणि नाही सांगितलं तर?"

"तर तू फोरमन आहेसच की."

हे तो चिडून म्हणाला असता तर मी उलट बोललो असतो. चिडला नव्हता.

ता. ३० सप्टेंबर, गुरुवार

उपास नीट पार पडला. सिनेगॉगमध्ये सगळ्यांबरोबर छातीवर मूठ मारत पापांची यादी म्हटली. सगळं अनेकवचनात, आम्ही हे केलं, आम्ही ते केलं. माझा आवाज इतरांत मिसळून गेला. फार सोयीचं आहे.

ता. १४ ऑक्टोबर, गुरुवार

मॅनेजर माझ्या खुर्चीजवळ आला. "मंगळवारी कमिटीत तेच सांगायचं जे लिहून दिलंयस. वेगळं बोललास तर खोटी सही तुझी, माझी नाही." मग हसून, "माझ्या गाडीतून जाऊ आपण."

घरी सांगितलं. लीया म्हणाली, "हैफात घराचं भाडं काय असेल आता?" एवढंच. ओर्नाने ताटावरून मान वर केली आणि तीन महिन्यांनी माझ्याशी बोलली, तेही मराठीत. "मीठ दे."

ता. १९ ऑक्टोबर, मंगळवार. बेर शेवा

मॅनेजरच्या गाडीने आलो नाही. सहाची बस घेतली. आज पहाटे एक अध्याय वाचला. कशासाठी ते विचारलं तर सांगता येणार नाही. यशासाठी नाही, एवढं नक्की. यशाच्या जागी पोचलो आहे आणि तिथून काही दिसत नाही.

कचेरीबाहेरच्या बाकावर बसून लिहितोय. वेळ जावा म्हणून. मॅनेजर आला, शेजारी बसला, कोलनचा वास. "शांत राहा. पाच मिनिटांचं काम," म्हणाला. आत कागद द्यायला गेला.

समोरच्या बाकावर एझ्रा आणि सारा. साराने डबा आणलाय. एझ्राने एकदाच माझ्याकडे बघितलं, नंतर भिंतीवरच्या घड्याळाकडे.

काय बोलणार आहे ते अजून ठाऊक नाही. खरंच ठाऊक नाही. हिब्रूत दोन्ही वाक्यं तयार आहेत. लांबी जवळजवळ सारखीच.

दार उघडलं. कारकून बाई माझं नाव वाचतेय, चुकीचं.

वही आत नेऊ नये. एझ्राकडे ठेवायला देतो. मराठी त्याला वाचता येतं.